बिनपाण्याची हजामत

आमच्या घरात केसवाला पुरुष एकच, आणि तो चार पायांवर चालतो.

मी स्वतः या विषयातून १९९८ सालीच निवृत्त झालो. बँकेतून निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी. कानांच्या वर आणि मानेच्या मागे जो काही ऐवज शिल्लक आहे, त्याला आमचे सलूनवाले ‘झालर’ म्हणतात आणि महिन्यातून एकदा सात मिनिटांत ती सारखी करून देतात. त्यातली चार मिनिटं ते केवळ माझा मान राखायचा म्हणून हवेत कात्री वाजवतात. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. अशा माणसाच्या कपाळी साठीनंतर रोज अर्धा तास केस विंचरणं यावं, यात कुठल्यातरी जन्मीचा हिशेब असणार. कपाळ मोठं असलं की असं काहीही लिहायला जागा राहते.

हा कुत्रा माझा नाही. तसा कुठल्याच घरातला कुत्रा वडिलांचा नसतो. तो मुलीने हट्ट करून आणलेला असतो, आईने ‘मी काही करणार नाही, आत्ताच सांगून ठेवते’ असं म्हणत वाढवलेला असतो, आणि मुलगी पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेली की वडिलांच्या गळ्यात पडलेला असतो. आमच्याकडचा गोल्डन रिट्रीव्हर आहे, बत्तीस किलोचा, त्यामुळे गळ्यात पडतो तेव्हा खरोखरच पडतो. मुलीने त्याचं नाव सिंबा ठेवलं. माझ्या आईला ते रुचेना. ती त्याला शंभू म्हणते. तो या दोन्ही नावांना ओ देत नाही, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला देतो.

पूर्वी आमच्याकडे वरणात केस निघाला की चौकशी बसायची. लांब की आखूड, काळा की पांढरा, आज स्वयंपाक कुणी केला होता, वगैरे. आता सगळे नुसतं ‘शंभू’ म्हणतात, केस ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवतात आणि जेवण पुढे चालू राहतं. बायकोच्या काळ्या साडीला आपोआप जर लागली आहे. थंड देशांत हे कुत्रे ऋतू पालटताना, वर्षातून दोनदा भरघोस गळतात. दिवस लहानमोठा होऊ लागला की त्यांच्या कातडीला ते कळतं. आमच्या घरात रात्री साडेअकरापर्यंत ट्यूबलाइट जळत असते, कारण आधी आईची मालिका, मग त्या मालिकेवर चर्चा. शंभूच्या कातडीला उन्हाळा, हिवाळा काही उमगतच नाही. तो बारा महिने गळतो.

या जातीचा इतिहास मी मुद्दाम वाचला. शत्रूची माहिती असावी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या एका श्रीमंत गृहस्थांनी १८६८ साली आपला ‘नूस’ नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि ‘बेल’ नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचं जमवलं. हेतू असा की बंदुकीने पाडलेला पक्षी तळ्याच्या गारठ्यात पोहून अलगद तोंडात धरून आणणारा कुत्रा हवा. त्या बर्फासारख्या पाण्यासाठी हा दुहेरी कोट त्याला मिळाला आहे. तो अंगावर घेऊन आमचे चिरंजीव एप्रिल महिन्यात पुण्यात, पश्चिमेचं ऊन येणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लादीवर पोट टेकून पडलेले असतात. पक्ष्यांपैकी आमच्या गॅलरीत फक्त पारवे येतात. त्यांना शंभू घाबरतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याची ही अवस्था बघवेना म्हणून आम्ही त्याला कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. तिथलं दरपत्रक वाचताना मला झालर असूनही घाम फुटला. माझ्या डोक्याचे ऐंशी रुपये होतात, शंभूचे अठराशे. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा दर चुकीचा नव्हता, हेही कबूल केलं पाहिजे. पण तिथला मुलगा मशीन हातात घेऊन म्हणाला, “काका, उन्हाळा आहे, झिरो मारू का?” मी हो म्हणणार एवढ्यात खिशातला फोन वाजला. मुलीला जर्मनीत बसून अशा गोष्टी कशा कळतात ते मला कळत नाही.

“बाबा, अजिबात नाही! डबल कोट आहे त्याचा!”

मग तिने मला रस्त्यावर उभं करून जे समजावलं, ते मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलं आहे. हा कुत्रा म्हणजे कोकणातलं कौलारू घर. वरचे लांब, राठ केस म्हणजे कौलं, ती ऊन आणि पाणी अडवतात. खालची मऊ लव म्हणजे माळा. उन्हाळ्यात माळ्यावरची अडगळ काढून तिथे वारा खेळता ठेवायचा असतो, कौलं उतरवायची नसतात. कौलं उतरवली की ऊन थेट कातडीवर. शिवाय कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याचा काय तो थोडासा घाम पंजांच्या गाद्यांना, बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवायची. तेव्हा त्याला भादरला म्हणजे आपल्याला बनियनवर बसल्यासारखं गार वाटेल, हा हिशेब माणसाचा आहे. आणि एकदा भादरलं की आतली लव भराभर वाढते, वरचे केस मागे राहतात, कधी ठिकठिकाणी येतात, कधी नीटसे येतच नाहीत. ‘येतच नाहीत’ हे शब्द ऐकल्यावर मी शंभूला तसाच घरी आणला. इतर कुणी असता तर त्याने कदाचित धोका पत्करला असता.

खालच्या मजल्यावरचे काका मात्र आजही जिन्यात भेटले की म्हणतात, “अहो, भादरून टाका त्याला एकदाचा!” हे ते शंभूकडे न बघता म्हणतात, त्यामुळे जिन्यातून जाताना मी टोपी घालतो.

तर ठरलं, की घरीच करायचं. मुलीने तिकडून ऑर्डर केली आणि इकडे खोकं आलं. त्यात एक चौकोनी ब्रश होता, ज्याला वाकड्या तारांचे शेकडो दात होते. एक पोलादी कंगवा होता. आणि एक हत्यार असं होतं की ते बघून आई म्हणाली, “हे तर दाताळं! आपल्या शेतावर होतं ना!” तसंच होतं. फक्त पाचोळ्याऐवजी आतली सुटलेली लव ओढून काढायची. आईने मग तिच्या ट्रंकेतून स्वतःची जुनी दुहेरी फणी आणून त्या सामानात ठेवली, लग्नातली. “उवांना याच्यासारखं काही नाही,” म्हणाली. आम्ही हसलो. पुढे सगळ्या आयुधांत तीच कामाची ठरली. पिसवा आहेत का ते बघायला बारीक दातांचीच फणी लागते. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकायचे, ते लालसर पसरले तर समजायचं की ती साधी धूळ नाही, रक्त पिऊन टाकलेली पिसवांची विष्ठा आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या फणीने एकविसाव्या शतकातल्या खोक्याला हरवलं, याचा आईला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी शंभूला स्वतःच्या ताटातला पोळीचा तुकडा दिला. रोजही देते, पण त्या दिवशी उघडपणे दिला.

आता माझी पहिली चूक. मी रविवारी सकाळी आधी त्याला अंघोळ घातली.

मला सांगा, कुणाला वाटेल की यात काही चूक आहे? आपण आधी न्हातो, मग विंचरतो. निदान ज्यांना केस आहेत ते तसं करतात, असं मी पाहिलं आहे. शाम्पूचा प्रश्न आला तेव्हा आई म्हणाली शिकेकाई, बायको म्हणाली माझ्या बाटलीला हात लावायचा नाही. मग मला आठवलं की कपाटात माझाच एक शाम्पू आहे, केसगळती थांबवणारा, मी आशा सोडली त्या वर्षी घेतलेला. तोच वापरला. संध्याकाळी मुलीने फोनवर माझी दुसरी चूक सांगितली. माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी असते, पीएच साडेपाचच्या आसपास. कुत्र्याची बरीच उदासीन, सातच्या जवळपास. आपला शाम्पू आपल्या कातडीच्या बेताने केलेला असतो, त्याने त्याची कातडी कोरडी पडते, खाज सुटते. आणि बाटलीवरची तारीख? तारखेचं मी तिला सांगितलं नाही.

अंघोळीचं तपशीलवार वर्णन करण्यासारखं नाही. मी चड्डी-बनियनवर आत गेलो, तो माझ्याआधी बाहेर आला. पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या अटलांटाच्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी ओले प्राणी अंग कसं झटकतात याचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०१२ साली एक शोधनिबंध लिहिला. प्राणी जेवढा लहान, तेवढा झटका वेगवान. उंदीर सेकंदाला तीसेक वेळा, लॅब्रॉडॉरसारखा कुत्रा साधारण साडेचार वेळा. कुत्र्याची कातडी अंगावर सैल असते, ती दोन्ही बाजूंना लांबवर फिरते, आणि काही सेकंदांत अंगावरचं बहुतेक पाणी उडून जातं. कुठे उडून जातं, ते निबंधात असलं तरी माझ्या वाचनात आलं नाही. आमच्याकडे ते न्हाणीघराच्या छतावर, माझ्या चष्म्यावर आणि, दार उघडं राहिल्यामुळे, देवघरातल्या समईपर्यंत गेलं. समई विझली. आई काही बोलली नाही. आई काही बोलली नाही म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना समजतं.

त्यानंतर मी कंगवा घेऊन बसलो आणि कंगवा चालेना. कानांच्या मागे, काखेत, मांड्यांच्या आत केसांच्या ज्या छोट्या-छोट्या गाठी होत्या, त्या पाणी लागून वाळताना आवळून घट्ट झाल्या होत्या, लोकरीचा स्वेटर गरम पाण्यातून काढल्यावर होतो तशा. बायको म्हणाली, “अहो, याला जटा झाल्यात.” मी जटानिर्मूलनासाठी कात्री उचलली. ही तिसरी चूक. केसांचा गुंता कातडीला इतका चिकटून बसतो की ती गाठीबरोबर वर ओढली जाते, आणि वरून बघणाऱ्याला केस कुठे संपले नि कुत्रा कुठे सुरू झाला ते समजत नाही. ‘केसाने गळा कापणं’ हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. कृतीत येता-येता राहिला. नशिबाने कातडी वाचली. पण उजव्या कानाच्या मागे जुन्या रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला.

बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आता बापावर गेलाय,” म्हणाली.

दुपारी न्हाणीघरात पाणी तुंबलं. रविवारचा दुप्पट दर घेऊन आलेल्या प्लंबरने जाळीखालून वायरीने जे काही ओढून काढलं, ते तो बराच वेळ हातात धरून उभा राहिला. मग माझ्या डोक्याकडे एक नजर टाकून, आवाज शक्य तितका हळू करून त्याने विचारलं, “काका, विग पडला होता का?”

संध्याकाळी बायकोने माझी जी केली, तिला मराठीत बिनपाण्याची म्हणतात. पाणी तसंही गेलेलं नव्हतंच.

मी शेवटी आमच्या सलूनवाल्यांकडे गेलो. तीस वर्षांचा संबंध आहे, आणि केसांच्या बाबतीत पुण्यात माझं दुसरं कोण आहे? त्यांनी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

“साहेब, आधी पाणी का लावलंत?”

“तुम्ही लावता ना. फवारा मारता.”

“तो कापायला. गुंता कोरडा सोडवायचा. कॉर्नफ्लोअर चोळा गाठीवर, बोटांनी मोकळी करा. आणि कंगवा टोकाकडून घालायचा, मुळाकडून नाही. खालचं सुटलं की वरचं. तुम्ही कधी लांब केस विंचरलेत का कुणाचे?”

मी विचार करू लागलो. बँकेत असताना मुलगी शाळेत जायची ती सात वाजता, मी निघायचो आठला. वेण्यांचा कारभार बायको आणि आई यांच्यात चालायचा आणि त्यातली रडारड मला पेपराच्या पलीकडून ऐकू यायची.

“नाही,” मी म्हणालो.

“मग?” ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाची मान दुसरीकडे वळवली.

निघताना त्यांनी एक तुरटीचा खडा कागदात बांधून दिला. “नखं कापाल तेव्हा लागेल.” कसं कळलं त्यांना? शंभूची नखं काळी आहेत. आतली रक्तवाहिनी दिसत नाही, अंदाजाने टोकाचा पापुद्रा-पापुद्रा काढायचा, आणि एखादं नख अंदाजापेक्षा आधीच संपतं. दाढीला लागते तीच तुरटी दाबून धरली की रक्त थांबतं. कुत्र्याचं थांबतं. माझं थांबायला दोन दिवस लागले, कारण चौथ्या नखानंतर त्याने माझा अंगठा त्याच अंदाजाने तपासला होता. नखांचं काम आता डॉक्टरांकडे दिलं आहे. सगळंच घरी करावं असा काही माझा बाणा नाही.

विंचरणं मात्र जमू लागलं. त्याची एक रीत आहे. नुसता वरून ब्रश फिरवला की कुत्रा चकचकीत दिसतो, आणि आत जटा सुखाने नांदत असतात. खरं काम म्हणजे डाव्या हाताने केस वर उचलून धरायचे, भांग पाडल्यासारखी कातडीची एक रेघ दिसू द्यायची, आणि तिथून एक-एक पदर खाली सोडत विंचरायचा. रेघ संपली की बोटभर वर दुसरी रेघ. पोटापासून पाठीकडे, मग शेपटी, मग मागच्या मांड्यांवरची ती झुबकेदार विजार. कान शेवटी, कारण कानाला हात लावला की बैठक संपली असं तो समजतो. डावी कूस वीस मिनिटांत होते. मग उजवी पाहिजे. उजव्या कुशीवर तो गाढ झोपलेला असतो. बत्तीस किलो झोपलेलं वजन उलटवणं साठीनंतर शक्य नसतं. मी गाजर दाखवतो, तो तोंड तेवढं वळवून गाजर खातो, अंग तिथेच. त्यामुळे आमचा कुत्रा सोमवारी डावीकडून देखणा असतो आणि मंगळवारी उजवीकडून.

अंघोळ आता महिन्या-दीड महिन्याने, कुत्र्याच्याच शाम्पूने, आणि संपूर्ण विंचरून झाल्यावर. पावसाळ्यात आतली लव ओली राहिली तर खाली लाल चट्टे येतात, चिघळतात, म्हणून मुळापर्यंत वाळवणं आलं. घरातला हेअर ड्रायर कसा चालू करायचा हे मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो. गार हवेवर ठेवायचा, एवढंच सांगतो. गोचीड निघाली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. आईचा रॉकेलचा आग्रह मी रॉकेल मिळत नाही या मुद्द्यावर परतवतो, कारण ते लावू नये हा मुद्दा तिला मान्य नाही.

मुलगी व्हिडिओ कॉलवर देखरेख करते. “बाबा, काखेत राहिलं.” “बाबा, शेपटी ओढू नका.” एकदा मी एक पदर उचलून, टोकाकडून सावकाश सोडवत होतो आणि ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं नेट गेलं.

“तुम्ही माझी वेणी एकदा घातली होतीत,” ती म्हणाली. “आई माहेरी गेली होती तेव्हा. तिसरीत होते.”

“कशी झाली होती?”

“बाईंनी सोडून परत घातली.”

शंभूने कूस बदलली नाही. मी आणखी एक रेघ पाडली.

राहता राहिला प्रश्न निघालेल्या केसांचा. आईचं मत त्यांची उशी करावी. तिच्या माहेरी सावरीच्या कापसाच्या उशा होत्या, हे त्याहून मऊ आहे. बायकोला ते गॅलरीत टांगून ठेवायचे होते, बुलबुलाला घरट्यासाठी. त्यावर जर्मनीहून नकार आला. पिसवा-गोचिडींसाठी आपण त्याच्या मानेवर जे थेंब टाकतो ते कीटकनाशक केसांत उतरतं, आणि त्या मऊ गादीवर पिल्लं निजतात. मग केस कचऱ्यात गेले, आणि सकाळी दारावर आलेल्या कचरावाल्या ताईंनी पिशवी उघडून विचारलं, “हे ओल्यात की सुक्यात?”

मी म्हणालो, कोरडे आहेत, सुक्यात. त्या म्हणाल्या, जिवंत प्राण्याचं आहे, कुजणार, ओल्यात. सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांत एकशे चौदा मेसेज झाले, त्यात तीन जुनी भांडणं, पार्किंगचा एक प्रश्न आणि खालच्या मजल्यावरच्या काकांचा ‘भादरून टाका’ हा सल्ला होता. तत्त्वाने ओला ठरला. पण ताई म्हणतात, खताच्या खड्ड्यात बाकी सगळ्याची माती होते, तुमचा शंभू काही मुरत नाही.

परवा झालर वाढली म्हणून मी सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्यांनी पांढरं कापड झटकून माझ्या गळ्याभोवती बांधलं, तीन मिनिटं कात्री केसांत आणि चार मिनिटं हवेत चालवली, मागे आरसा धरून झालर दाखवली, मी मान हलवली. मग त्यांनी कापड सोडलं आणि नेहमीसारखं माझ्या शर्टावरून, खांद्यांवरून, पॅंटवरून ब्रश फिरवला. खाली बघून थांबले. खुर्चीभोवती चांगला ओंजळभर ढीग जमला होता. लांब, मऊ, सोनेरी.

त्यांनी पोऱ्याला हाक मारली. “झाडू आण रे,” म्हणाले, “साहेबांच्या खुर्चीखाली.”